संध्याकाळच्या अभ्यासिकेतील मुलांच्या सहली: एकच मोठी की जवळच्या अनेक?

प्रश्न: सायंवर्ग, पुणे

नमस्कार. आम्ही काही जण पुण्यातील एका वस्तीत पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी शाळा सुटल्यानंतर अभ्यासिका चालवतो. मुलांचे पालक बांधकामावर किंवा घरकामाला जातात, काही रिक्षा चालवतात, आणि बहुतेक कुटुंबे लातूर, धाराशिव, सोलापूर या बाजूंनी कामासाठी आलेली आहेत. आजवर आमचा सारा वेळ गृहपाठ, गणित आणि वाचन यांतच गेला. या वर्षी एका देणगीदारांनी मुलांच्या सहलीसाठी रक्कम देऊ केली असून सर्व मुलांना एकदा अजिंठा-वेरूळ दाखवावे, अशी त्यांची इच्छा आहे. आमच्यातील निम्म्या कार्यकर्त्यांचे म्हणणे असे, की तेवढ्याच पैशांत वर्षभर शहरात आणि आसपास लहान लहान सहली काढता येतील आणि त्यांचा उपयोग अधिक होईल.

पालकांच्याही दोन अडचणी आहेत. मुलींच्या आयांना मुली दिवेलागणीपूर्वी घरी हव्या असतात. आणि काही वडील सरळ विचारतात, की फिरून मार्क वाढणार आहेत का? या प्रश्नाला पटेल असे उत्तर आम्हाला अजून देता आलेले नाही. ज्यांना अशा कामाचा अनुभव आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: निवृत्त भूगोल शिक्षक

अजिंठा हे छत्रपती संभाजीनगरच्याही पुढे सुमारे १०० किलोमीटर आहे. पुण्याहून निघून वेरूळसह ते पाहायचे तर किमान एक मुक्काम हवा, आणि मुलांचा बराचसा वेळ बसमध्ये जाणार. म्हणून माझा कल जवळच्या सहलींकडे आहे. मात्र महिन्याला एक ठिकाण, या महिन्यात वाडा तर पुढच्या महिन्यात देऊळ, अशी विस्कळीत यादी करू नये. वर्षभरासाठी एकच विषय धरावा आणि प्रत्येक सहलीने त्याची एक बाजू उघडावी. पुण्यात राहणाऱ्या मुलांसाठी मी ‘आपले पाणी येते कुठून?’ हा विषय सुचवीन, कारण पाणी भरण्याचे काम त्यांच्यातील अनेक जण रोज करतात आणि त्याबद्दल त्यांची स्वतःची मते असतात.

सुरुवात कात्रजच्या तलावापासून करावी. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, या तलावाचे पाणी दगडी बांधणीच्या भूमिगत नळातून शहरापर्यंत आणले गेले. त्या वेळी पंप नव्हते. केवळ जमिनीच्या उतारावर हे पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत पोहोचत असे, आणि नळात कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून वाटेत ठिकठिकाणी ‘उच्छ्वास’ बांधलेले होते. सहलीच्या आदल्या दिवशी अभ्यासिकेत दोन बादल्या आणि रबरी नळी घेऊन पाणी उतारावर कसे धावते ते मुलांनाच करून पाहू द्यावे. वर्गात हे केलेले मूल तलावाच्या काठावर उभे राहिले की शहर कोणत्या बाजूला आणि किती खाली आहे, हे आपणहून शोधू लागते.

दुसरी सहल गंज पेठेतील महात्मा फुले वाड्याची. जोतीरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एका ओळीत येऊन जाते. कात्रजचे पाणी पाहून आलेल्या मुलांना मात्र पुढचा प्रश्न सुचतो: पाणी शहरात आले, पण ते प्यायचे कोणी? येथे शिक्षकाने थोडा वेळ गप्प राहावे. वस्तीतल्या मुलांना या प्रश्नाचे उत्तर घरून ठाऊक असण्याची शक्यता आपल्यापेक्षा अधिक असते.

तिसरी सहल खडकवासल्याची. पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचे पाणी तेथे येते आणि तेथून पुण्याला मिळते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचा बांधही गेला आणि पुण्याचा नदीकाठ पाण्याखाली गेला. हा पूर लहानपणी पाहिलेली माणसे आजही शहरात आहेत, आणि गोखलेनगरसारख्या वसाहती तर पूरग्रस्तांसाठीच उभ्या राहिल्या. सहलीनंतर अशा एखाद्या आजी-आजोबांना अभ्यासिकेत बोलवावे आणि मुलांनी आधी लिहून ठेवलेले प्रश्न त्यांना विचारावेत. धरणाच्या पाण्यात मात्र कोणालाही, अगदी पायाचे घोटे भिजण्यापुरतेही, उतरू देऊ नये. याबाबतीत भिडेला बळी पडू नये.

परतल्यावर ‘मी पाहिलेले प्रेक्षणीय स्थळ’ या मथळ्याचा निबंध कृपया लिहून घेऊ नका. तो निबंध मुले सहलीला न जाताही उत्तम लिहितात.

उत्तर: मंजिरी, संग्रहालयात काम करते

सरांचा पाण्याचा विषय मला फार आवडला. त्यात संग्रहालयही बसवता येईल, पण त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. ‘या मुलांनी काहीच पाहिलेले नाही’ असे गृहीत धरून आपण त्यांना संग्रहालयात नेतो, आणि ते बहुधा खरे नसते. राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, स्वयंपाकाची भांडी आणि पाय घासायच्या वज्र्या अशा रोजच्या वापरातील वस्तूंवरच डॉ. दिनकर केळकरांनी आयुष्यभर लक्ष ठेवले आणि हा संग्रह सात वर्षांचा असताना गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभा केला. शहरातल्या मुलांना तेथील कित्येक वस्तूंचे नावही माहीत नसते. लातूरकडून आलेले मूल मात्र एखाद्या वस्तूपुढे उभे राहून ‘ही आमच्या आजीकडे आहे’ असे म्हणू शकते. त्या क्षणी माहिती देण्याचे काम त्या मुलाकडे सोपवावे आणि आपण ऐकावे.

संग्रहालय संपूर्ण दाखवण्याचा आग्रह धरू नये. एका गटाने एकच दालन घ्यावे, प्रत्येक मुलाने एक वस्तू निवडावी आणि तिचे चित्र काढावे. वस्तू कशाची केली आहे, कुठे झिजली आहे, ती उजव्या हाताने वापरत असतील की डाव्या, हे चित्र काढताना आपोआप दिसते. पाण्याच्या विषयासाठी घंगाळ, तांब्या, कळशी अशी पाण्याची भांडी शोधायला सांगता येतील. जाण्यापूर्वी संग्रहालयाला पत्र देऊन गर्दी कमी असलेली वेळ विचारून घ्यावी, म्हणजे मुलांना जमिनीवर बसून काम करू दिले जाते.

उत्तर: वाटसरू

वरील दोन्ही उत्तरे वाचली आणि आदर ठेवूनच थोडा विरोध नोंदवतो. सुस्थितीतील कुटुंबे आपल्या मुलांना लोणावळ्याला किंवा कोकणात नेतात, तेव्हा त्यांच्या हाती कोणी प्रश्नावली देत नाही आणि सहलीचा उपयोग काय, असेही विचारत नाही. वस्तीतील मुलांच्या वाट्याला येणारी प्रत्येक गंमत मात्र आपल्याला उपयुक्त करून हवी असते. लांब जाणे, डबा वाटून खाणे, अनोळखी गावात उतरणे यांचेही स्वतःचे मोल आहे, आणि देणगीदारांची इच्छा त्या दृष्टीने अगदीच चुकीची नाही.

तरीही अजिंठ्याऐवजी भाज्याची लेणी सुचवतो. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरले की भाजे गाव पायी जाण्याच्या अंतरावर आहे आणि सकाळी निघालेली मुले दिवेलागणीच्या आत घरी येतात, त्यामुळे मुलींचाही प्रश्न सुटतो. भाज्याचे चैत्यगृह, म्हणजे बौद्ध भिक्षूंचे प्रार्थनेचे सभागृह, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातील मानले जाते. त्याच्या दगडी छताला आतून लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत. दगडाचे छत पडत नाही, मग खाली लाकूड कशाला? हा प्रश्न मुलांना सुचेपर्यंत थांबावे. आधीची सभागृहे लाकडाची असत आणि कोरणाऱ्यांनी दगडातही तेच घर उभे केले, हे उत्तर बांधकामावर जाणाऱ्या वडिलांच्या मुलांना फार लवकर पटते, कारण सेंट्रिंग, म्हणजे स्लॅब ओतण्यापूर्वी खाली उभारायचा आधाराचा सांगाडा, त्यांना ठाऊक असते. कार्ले समोरच्या डोंगरात आहे आणि तेथील चैत्यगृह कितीतरी भव्य आहे. पण एकवीरेच्या दर्शनाची गर्दी असलेल्या दिवशी लहान मुलांना घेऊन तेथे जाऊ नये. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या तिकीट असलेल्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य असतो, म्हणजे खर्च मुख्यतः लोकलचा आणि खाण्याचा. उरलेल्या रकमेतून सरांच्या पाण्याच्या सहली होतील.

सायंवर्ग, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. भाज्याची कल्पना देणगीदारांपुढे मांडतो; लेणी पाहण्याची त्यांची इच्छाही त्यात पूर्ण होते. मार्कांचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. शिवाय आम्ही कार्यकर्ते मोजकेच असल्याने चाळीस मुलांवर लक्ष कसे ठेवावे, याचीही काळजी वाटते.

उत्तर: शुभदा, मुंबई

मार्कांबद्दल पालकांना खोटे आश्वासन देऊ नका, असे मला वाटते. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात २०११ मध्ये एक मोठे कलासंग्रहालय सुरू झाले. तेथे येऊ इच्छिणाऱ्या शाळांची संख्या जागेपेक्षा जास्त झाल्याने चिठ्ठ्या टाकून निवड करण्यात आली, आणि त्यामुळे संशोधकांना गेलेल्या आणि न गेलेल्या अशा सुमारे ११ हजार विद्यार्थ्यांची तुलना करता आली. सहलीला गेलेली मुले नवे चित्र अधिक बारकाईने पाहून त्यावर विचार मांडू शकत होती, आणि हा फायदा गरीब व ग्रामीण भागांतील मुलांमध्ये अधिक दिसला. परीक्षेचे गुण त्या अभ्यासात मोजलेले नव्हते. म्हणून आम्ही पालकांना एवढेच सांगतो, की मूल प्रश्न विचारू लागते आणि पाहिलेल्या गोष्टीवर चार वाक्ये स्वतःची लिहू लागते. हे त्यांना मुलाच्या वहीत दाखवता आले, तर भाषणाची गरज पडत नाही.

मनुष्यबळाचे उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे: ज्या आया मुलींना सोडायला कचरतात, त्यांनाच बरोबर न्यावे. दहा मुलांमागे एक मोठे माणूस, आणि त्यांत किमान निम्म्या स्त्रिया, असे प्रमाण आम्ही ठेवतो. आयांची रोजंदारी बुडू नये म्हणून सहल त्यांच्या सुट्टीच्या दिवशी ठेवावी आणि त्यांचे तिकीट व जेवण आपल्या खर्चात धरावे. आई सोबत असली की शिस्त राहते हे तर खरेच, पण त्याहून मोठा लाभ असा, की घरी परतल्यावर त्या विषयावर बोलायला मुलाला कोणीतरी मिळते. जाण्यापूर्वी स्वच्छतागृह कुठे आहे आणि ते खरोखर उघडे असते का, हे एका कार्यकर्तीने स्वतः जाऊन पाहून यावे. मोठ्या मुलींच्या सहलीला नकार येतो त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते आणि ते कोणी बोलून दाखवत नाही.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. एसटी महामंडळ शालेय सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत देते. ती शाळांसाठी असल्याने मुले ज्या शाळेत जातात तेथील मुख्याध्यापकांना बरोबर घेऊन सहल संयुक्तपणे काढता येते का, ते पाहावे. आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बस आहे, तीत संग्रहालयच मुलांपर्यंत येते. तुमच्या भागात तिचा दौरा होऊ शकेल का, हे त्यांना पत्र लिहून विचारता येईल.

उत्तर: निवृत्त भूगोल शिक्षक

वाटसरू यांचा आक्षेप मला मान्य आहे. भाज्याला प्रश्नावली नेऊ नका. एक भर घालतो. आषाढी वारीच्या वेळी दोन्ही पालख्या पुण्यात मुक्काम करतात, ज्ञानोबांची भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत. मराठवाड्यातून येणाऱ्या दिंड्यांत तुमच्या मुलांच्या गावची माणसे भेटण्याची बरीच शक्यता आहे. दिंडीचे नाव, गाव आणि वारकऱ्यांनी आतापर्यंत तोडलेले अंतर मुलांनी विचारून नकाशावर मांडावे. त्यासाठी बसभाड्याखेरीज काही लागत नाही. फक्त गर्दीत लहान मुलांना नेऊ नये, सातवी-आठवीच्यांनाच न्यावे, आणि प्रत्येकाच्या खिशात कार्यकर्त्याचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी.