अमेरिकेतला भाचा आपल्या ग्रामीण रुग्णालयात ‘शॅडोइंग’ला यायचं म्हणतो. येऊ द्यावं का?

पेरणीमामा (दारव्हा, यवतमाळ)

माझी बहीण न्यू जर्सीत असते. तिचा मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, डॉक्टर व्हायचं म्हणतो. आपल्यासारखं बारावी, नीट आणि थेट एमबीबीएस असं तिकडे नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा, मग चार वर्षं मेडिकल. आणि अर्जात नुसते मार्क भागत नाहीत, डॉक्टरच्या मागे सावलीसारखं उभं राहून किती तास काम पाहिलं तेही दाखवावं लागतं. तिकडे पेशंटच्या खासगीपणाचे नियम कडक, ओळखीशिवाय कोणी उभं करत नाही. म्हणून बहिणीचं ठरलं की जूनच्या मध्यापासून महिनाभर त्याने माझ्याकडे यावं. आमच्या ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर दरवर्षी माझ्याकडून तूर नेतात, तेवढी ओळख आहे.

माझं मत, यावं. बाजाराच्या दिवशीची आमची ओपीडी बघितली तरी पोराचे डोळे उघडतील. सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा, पेशंट त्याने पुस्तकात वाचला असेल, इथे शेजारच्या घरात आहे. पण बायको म्हणते, “दवाखाना म्हणजे काय सर्कस आहे, तिकीट काढून बघायला?” तेव्हापासून झोपेत पण तेच ऐकू येतंय. सांगा.

रातपाळी

१९ वर्षं झाली स्टाफ नर्स आहे, तुमच्या नाही, दुसऱ्या जिल्ह्यात. स्पष्ट बोलते, राग नका मानू भाऊ. आणू नका.

चार-पाच वर्षांपूर्वी आमच्याकडे असाच एक पाहुणा आला होता, कुणा मोठ्या माणसाचा नातेवाईक. वागायला गुणी, झाडूवालीलाही थँक्यू म्हणायचा. दुसऱ्याच दिवशी त्याला लेबर रूममध्ये उभं केलं. टेबलावर पहिलटकरीण. तिला कोणी विचारलं नाही. तिने पदर तोंडावर ओढून घेतला आणि कळा येत होत्या तरी आवाज काढला नाही. एरवी आमच्या बायका ‘माय वं’ म्हणून अख्खा वॉर्ड उठवतात. मी त्याला हाताला धरून बाहेर काढलं, तर बोलणी मलाच खावी लागली.

परवानगी घेऊ म्हणाल, तर आपल्याकडचं विचारणं कसं असतं? डॉक्टर खुर्चीत, बाई उभी. “हे बघणार आहेत, चालेल ना?” ती नाही म्हणेल? उद्या तिला त्याच दारात यायचंय.

कापूसकोंड्या

ताई, तुमचं बरोबर हाये. पण मामाच्या भाच्यानं काय पाप केलं? आपल्याकडे पेशंटच्या खाटेजवळ अर्धं गाव उभं रायते. पुढाऱ्याचा जावई थेट ड्रेसिंग रूमपर्यंत येते, त्याले कोणी काहून आलास म्हणत नाई. अन् अमेरिकेचा पोट्टा आला का लगेच खासगीपणा! येऊ द्या त्याले. फक्त पांढरा कोट घालू देऊ नका. आमची आजी कोट दिसला का त्यालेच जीभ काढून दाखवते.

मेळघाट रिटर्न

एमबीबीएसनंतर मेळघाटात प्राथमिक आरोग्य केंद्राला होतो. बघण्यावर माझा आक्षेप नाही, हात लावण्यावर आहे. अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेनेच, एएएमसीने, परदेशी जाणाऱ्या अशा मुलांसाठी सूचना काढलेल्या आहेत. सार एवढंच की जे तुला घरी करू देत नाहीत, ते दुसऱ्या देशात जाऊन पेशंटवर करू नकोस. ‘मी टाके घातले’ असं अर्जात लिहिलं तर कौतुक राहिलं बाजूला, अर्जच गोत्यात येऊ शकतो. आणि आपल्याकडे हे पाहुणचारात घडतं. “घे, तू लाव सलाईन” म्हणणारे प्रेमळ डॉक्टर मी पाहिलेत.

पण बघण्यासारखं काय आहे ते सांगतो. पाऊस लागला की साप. रात्री दोनला शेतकरी येतो, पायावर दोन ठिपके, साप बघितलेला नाही. दोन मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं आणि २० मिनिटं नळीला धक्का लावायचा नाही. मग तिरपी करायची. रक्त गोठलेलं नसेल, पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरसं चावलं असं धरायचं आणि एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, सुरू. मशीन नाही, लॅब नाही. तोवर पेशंटच्या पापण्या जड होऊन मिटतात का ते बघत राहायचं, कारण नाग-मण्याराचं विष नसांवर जातं, नळीत कळत नाही. दाराशी त्याची बायको उभी. ती २० मिनिटं पोराने कोपऱ्यात गप्प बसून काढली, तरी महिना सार्थकी.

लेबर रूमबद्दल ताईंशी सहमत. तिथे त्याचं काम नाही.

रातपाळी

डॉक्टरसाहेब, नळीवर पट्टी चिकटवून वेळ लिहिणारी मीच असते. त्यात हा कोपऱ्यातला विचारणार, “व्हॉट इज धिस?” उत्तर कोण देणार? तुम्ही तर पापण्या बघताय.

शिकागोकर

माझी मुलगी याच चक्रातून गेली. मामा, नुसत्या तासांसाठी बोलवत असाल तर तिकिटाचे पैसे वाया. इथल्या कॉलेजांना मुलाने अमेरिकेतला दवाखाना आतून पाहिलाय का, हे हवं असतं. परदेशातले तास म्हणजे वरची साय, दूध इथलंच लागतं. मुलगी जवळच्या डॉक्टरांना ईमेल टाकत राहिली, पाचव्याने हो म्हटलं. बाकी हेच ‘परदेशात शॅडोइंग’ हजारो डॉलरचं पॅकेज करून विकणारे इथे आहेत. त्यापेक्षा मामाकडे आलेला बरा, एवढं मात्र म्हणेन.

नीट रिपीटर

मी पण दारव्ह्याकडचाच. दुसऱ्यांदा नीट देतोय. ७२० पैकी ३६० मार्क जीवशास्त्राचे, हृदयाचे कप्पे झोपेत सांगेन. पण बीपीचा पट्टा बांधताना जवळून पाहिला तो आजोबांना अ‍ॅडमिट केलं तेव्हा. तेव्हाही सिस्टर ‘बाहेर हो’ म्हणाल्या. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजला मुलं पहिल्या वर्षी गावात जाऊन राहतात म्हणे, पण ते अ‍ॅडमिशन झाल्यावर. आम्ही डॉक्टर व्हायचं ठरवतो ते कशाच्या भरवशावर? न्यू जर्सीच्या मुलाला महिना, मग मला एक दिवस मिळेल का? टोमणा नाही, खरंच विचारतोय.

पेरणीमामा

आज जाऊन आलो. अधीक्षक म्हणाले, तुरीवर होत नाही, जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी अर्ज करा. बहिणीला कळवलं की लेबर रूम नाही, कोट नाही, फोटो नाही, कशाला हात नाही. ती जरा फुगलीच. भाच्याने फोन घेतला, “मामा, मला मराठी येतं.” म्हटलं, “डॉक्टर, पोरीले हगवण लागली, याचा अर्थ सांग.” तो म्हणे, “काय लागली?”

रिपीटर, नंबर पाठव. अर्जात दोन नावं टाकतो, दुभाष्या लागणारच आहे.

रातपाळी

माझं मत तेच आहे. पण आलेच दोघं, तर पहिल्या दिवशी त्यांना सकाळी आठला केसपेपरच्या रांगेत उभे करा. खिडकीच्या आतल्या बाजूला नाही, बाहेरच्या.