नदी कशाला, सराफा आहे की!
२०२५ मध्ये सोन्याने तोळ्याला लाख ओलांडले, आता नदीकाठी घमेलं घेऊन वाळूतलं सोनं शोधायचा छंद लावून घेतो, असं एकाने लिहिलेलं वाचून हसू आलं. आमच्या इंदुरात त्याला नदी लागत नाही. सराफा, म्हणजे इथला सोन्या-चांदीचा बाजार, तुम्हाला रात्रीच्या भुट्ट्याच्या किसासाठी माहीत. पण सोन्याच्या कणांसाठी दुकानांपुढची धूळ झाडून नेणारे झारेकरी, इकडच्या बोलीत न्यारिये, तिथलेच. घमेल्यात ती धूळ घेऊन, पाणी घालून हलक्या हाताने गरगर फिरवायचं. सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, वाळू जेमतेम अडीच-पावणेतीन पट. म्हणून वाळू काठावरून निघून जाते, तळाशी काळपट रेघ उरते. लोखंडाचा कीस चुंबकाने ओढायचा. मी एकदा बसलो होतो. पाऊण तासात कंबर धरली आणि चमकलं ते निघालं पितळ! बाकी सोन्याचे कण गोळा करायला काहीजण पारा वापरतात, त्याच्या नादाला घरी लागू नका, वाफ विषारी असते.