गोडो या गेम इंजिनमध्ये एकामागून एक फंक्शन्स चालवायला काय वापरता?

पिक्सेलवेडी: गोडो ४ वर आहे. लिव्हर ओढला की प्लेअरचा कंट्रोल बंद, कॅमेरा दाराकडे, दार उघडतं, आवाज, कॅमेरा परत, कंट्रोल चालू. सध्या प्रत्येक फंक्शनच्या शेवटी पुढचं कॉल केलंय. चालतंय, पण तेच दार दुसऱ्या लेव्हलला नुसतं उघडायचंय तर तिथेही कॅमेरा पळतोच 😅 अवेट (एखादी गोष्ट संपेपर्यंत फंक्शन थांबवून ठेवणं), सिग्नल (काही घडलं की नोड, म्हणजे सीनमधली वस्तू, देते तो संदेश) की ट्वीन (किंमत हळूहळू बदलत नेणारं साधन), काय सुचवाल?

कोडकिडा: डोळे झाकून अवेट. दाराने फक्त उघडायचं, पुढे काय होणार ते त्याला माहीतच नको. लिव्हरच्या स्क्रिप्टमध्ये एकच फंक्शन कर, त्यात ओळीने अवेट कॅमेरा, अवेट दार, अवेट कॅमेरा परत, वरून खाली सरळ वाचता येतं. सिग्नलला सिग्नल जोडत गेलीस तर काही दिवसांनी कोण कोणाला बोलावतंय तेच शोधत बसशील.

नोडोबा: डोळे उघडे ठेव बाई. ॲनिमेशन प्लेअरच्या (ॲनिमेशन चालवणारा नोड) ॲनिमेशन फिनिश्ड सिग्नलवर अवेट टाकलास आणि ते ॲनिमेशन लूपवर असेल किंवा कोणीतरी मध्येच स्टॉप केलं तर तो सिग्नल येतच नाही, फंक्शन तिथेच अडकतं, कंट्रोल बंदच आणि एररही दिसत नाही. लिव्हरचा नोडच फ्री झाला (मेमरीतून काढला गेला) तरी पुढच्या ओळी चालत नाहीत, म्हणून कंट्रोल चालू करायचं काम लिव्हरच्या भरवशावर सोडू नकोस.

तुझ्या कामाला मी ट्वीन घेईन. एकाच ट्वीनवर प्रॉपर्टी (नोडचा गुण, जसं त्याची जागा), इंटरव्हल (मधला थांबा), कॉलबॅक (त्या वेळी चालवायचं फंक्शन) टाकत गेलं की ते आपोआप क्रमानेच चालतात, दोन गोष्टी एकत्र हव्या तिथे पॅरलल. आवाज कॉलबॅकमध्ये. फक्त ट्वीन प्रॉपर्टीपुढे डॉट देऊन सेट ईझ (बदलाचा वेग कसा असावा ते) वगैरे चालतं, त्याच साखळीत परत ट्वीन प्रॉपर्टी नाही चालत, कारण हातात आलेला असतो प्रॉपर्टी ट्वीनर, मूळ ट्वीन नाही. तेव्हा ट्वीन व्हेरिएबलमध्ये ठेव आणि दरवेळी त्याच्यावरूनच नवी ओळ सुरू कर.

पिक्सेलवेडी: अच्छा म्हणून ती एरर येत होती! आणि स्किप बटण द्यायचं असेल तर? ट्वीन किल केलं (मध्येच बंद केलं) की दार अर्धवट उघडं राहतं.

नोडोबा: किल जिथल्या तिथे थांबवतं. ट्वीनच्या कस्टम स्टेपला (ट्वीन हाताने पुढे ढकलणारं फंक्शन) एकूण वेळेपेक्षा मोठा डेल्टा (किती सेकंद पुढे न्यायचं ते) दे, सगळं एकदम शेवटाला जातं.

कोडकिडा: हे माहीत नव्हतं, अवेटमध्ये स्किप म्हणजे खरंच डोकेदुखी. यासाठी ट्वीनच घे मग, अवेट नुसतं बाहेरून त्याच्या फिनिश्ड सिग्नलवर.