कॉलेजने पेटंट टाकलंय, आता लायसन्स घ्या म्हणतात. सही करू का? (मदत हवी आहे)

कृष्णाकाठचा_वेल्डर

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचत असतो, पण आता गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

कुपवाड एमआयडीसीत माझं लहानसं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. हळद शिजवायचे कुकर आणि पॉलिशचे ड्रम बनवतो. आठ माणसं आहेत, वर्षाला १२ ते १५ कुकर जातात.

सांगलीबाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. पूर्वी हळद काहिलीत पाणी घालून शिजवायचे. आता एका बाजूला भट्टी आणि पाण्याची टाकी असते, तिची वाफ नळीने चार ड्रममध्ये सोडायची, शिजलं की ड्रम पलटी करायचा. दुखणं एकच. वाफ खालून येते, त्यामुळे तळाचा माल गाळ होतो आणि वरची हळकुंडं कच्ची राहतात. काडी टोचली की कळतं: खाली आरपार जाते, वर काडीच मोडते. कच्चं राहिलेलं हळकुंड पुढे पॉलिशला तुटतं आणि शेतकरी शिव्या घालतो आम्हाला.

२०२२ च्या दिवाळीनंतर जवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचे सर त्यांच्या एमटेकच्या विद्यार्थ्याला घेऊन आले. 'प्रोजेक्टला खरा प्रश्न द्या' म्हणाले. मी हाच दिला. कागद काही केला नाही. कागदाचं कुणाच्या डोक्यात येणार, पोरगा रोज दुपारी आमच्याच डब्यात जेवत होता.

आमचे मिस्त्री साखर कारखान्यात सात सीझन काढलेले. वाफेची लाइन त्यांना हातानं कळते. पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, "ड्रमच्या मधोमध उभी नळी टाकू. वरचं तोंड बंद. भोकं खाली बारीक, वर मोठी." टाकली. पहिल्याच बॅचला फरक दिसला. मग पोराने ड्रममध्ये तापमान मोजायचे १२ थर्मोकपल लावले, दोन महिने रीडिंग घेतली, कॉम्प्युटरवर काय ते केलं आणि कुठल्या उंचीवर किती मिलिमीटरचं भोक हवं याचा तक्ता काढला. मिस्त्रींनी भोकं अंदाजाने पाडली होती, तक्ता पोराचा. त्याचं श्रेय त्यालाच. पूर्वी बॅचला पाऊण तास जायचा, आता ३५ मिनिटांत उरकते आणि माल एकसारखा येतो.

यंदाचा सीझन संपल्यावर कॉलेजमधून फोन आला. या नळीचं पेटंट कॉलेजच्या नावाने टाकलंय, 'तंत्रज्ञान हस्तांतरणाचा' करार करायचाय, कार्यक्रमात सही, शाल-श्रीफळ, फोटो. सोबत १४ पानांचा इंग्रजी मसुदा. मला समजलं ते असं:

सुरुवातीला ४ लाख रोख, वर जीएसटी. प्रत्येक कुकरच्या विक्रीच्या किमतीवर ६ टक्के रॉयल्टी. विक्री कितीही होवो, वर्षाला किमान दीड लाख द्यायचेच. पुढे मी मशीनमध्ये काही सुधारणा केली तर ती कॉलेजच्या मालकीची. पेटंट खरं की खोटं यावर मी कधी आक्षेप घ्यायचा नाही.

माझा कुकर जातो २ लाख ८० हजाराला, हातात राहतात साधारण ३५ हजार. ६ टक्के म्हणजे १६,८०० गेले. एखाद्या वर्षी हळदीचा दर पडला आणि सहाच मशीन गेल्या, तर हिशोबाने १ लाख ८०० होतात, पण दीड लाख भरायचेच.

आणि खरं सांगायचं तर पैशापेक्षा दुसरंच डाचतंय. पेटंटच्या अर्जात शोधक म्हणून चार नावं आहेत: सर, विभागप्रमुख, प्राचार्य आणि तो विद्यार्थी. प्राचार्य आमच्या शेडमध्ये एकदाच आले होते, उद्घाटनाला. मिस्त्रींचं नाव नाही.

सही करू का? नाही केली तर ते मला माझंच मशीन बनवायला बंदी घालू शकतात का? सरांशी भांडायचं नाहीये. माणूस चांगला आहे.

निव्वळ_निवांत

सही करू नका. विषय संपला.

फॉर्म_अठरा

वरच्या प्रतिसादाइतकं सोपं नाहीये ते. १७ वर्षं पेटंटच्या अर्जांतच गेली आहेत, म्हणून आधी तीन प्रश्न विचारतो. तारखांसकट उत्तरं द्या, अंदाजे नकोत.

१. अर्ज कुठल्या तारखेला दाखल झाला? नुसता प्रसिद्ध झालाय की पेटंट मंजूर झालंय? 'पेटंट टाकलंय', 'पेटंट पब्लिश झालंय' आणि 'पेटंट मिळालंय' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कॉलेजच्या फ्लेक्सवर तिन्ही सारख्याच छापतात. अर्ज क्रमांक मागून घ्या. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर सगळं फुकट दिसतं.

२. त्या तारखेआधी ही नळी चारचौघांत कुठे चालवली होती का?

३. त्या तारखेआधी या नळीचा एखादा कुकर विकला का?

कृष्णाकाठचा_वेल्डर

दादा, आत्ताच पाहिलं. अर्ज ऑगस्ट २०२४ चा. सप्टेंबरात प्रसिद्ध झालाय. मंजूर नाही, 'तपासणी' असं काहीतरी दिसतंय.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तासगावकडे एका शेतकऱ्याच्या वस्तीवर चाचणी घेतली. ४०-५० माणसं जमली होती. झाकण काढून नळी दाखवली, लोकांनी मोबाइलवर व्हिडिओ काढले.

विक्री: जानेवारी २०२४ मध्ये दोन कुकर. जीएसटीचं बिल आहे, बिलावर 'मध्यनळीसह' असं लिहिलंय. पोराने डिसेंबर २०२३ मध्ये कुठल्याशा परिषदेत पेपरही वाचला होता.

फॉर्म_अठरा

'मध्यनळीसह' हा शब्द बिलावर लिहिणाऱ्याला माझ्यातर्फे चहा पाजा.

पेटंट मिळायला गोष्ट नवी लागते, म्हणजे अर्जाच्या तारखेआधी लोकांना माहीत झालेली नको. कायद्यात थोड्या सवलती आहेत. कलम ३१ मध्ये विद्वत्संस्थेपुढे वाचलेल्या पेपरला १२ महिन्यांची सूट आहे, तेव्हा परिषदेचा पेपर कदाचित त्यात बसेल. कलम ३२ मध्ये चाचणीसाठी चारचौघांत वापर करावाच लागला असेल तर सूट आहे, पण तीही अर्जाच्या आधीच्या एकाच वर्षातली. तुमची वस्तीवरची चाचणी दीड वर्ष आधीची. आणि बिल करून विकलेला कुकर ही चाचणी नव्हे, तो धंदा.

म्हणजे या अर्जाचा पाया कच्चा आहे. मंजुरीआधी कुणीही पुराव्यासकट विरोध दाखल करू शकतो, कलम २५(१). तुम्ही कराच असं म्हणत नाही. पण 'करता येतो' हे टेबलावर असलं की बोलणी वेगळी होतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पेटंट मंजूर होईपर्यंत त्यांना तुमच्यावर दावा लावता येत नाही. त्यामुळे आज घाबरून सही करायचं कारण नाही.

आता मसुदा. सुधारणा एकतर्फी कॉलेजच्या मालकीची आणि पेटंटच्या वैधतेवर आक्षेप घ्यायचा नाही, या दोन्ही अटी कलम १४० खाली बेकायदा आहेत. कुणीतरी परदेशी नमुना उचलून नावं बदललेली दिसतात.

मिस्त्रींबद्दल: कल्पना त्यांची असेल तर ते शोधक आहेत. शिक्षण, हुद्दा कायदा विचारत नाही. कलम २८ खाली, फॉर्म ८ वर त्यांचं नाव घालायची मागणी करता येते, मात्र पेटंट मंजूर व्हायच्या आत. नुसत्या नावाने मालकी मिळत नाही, हेही सांगून ठेवतो. पण शोधकाने आपला हक्क लिहून दिलेला नसताना कॉलेजने अर्ज केला असेल, तर तो त्यांच्यासाठी वेगळाच काटा आहे.

विनाअनुदानित_मास्तर

कॉलेजच्या बाजूने कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या अशाच कॉलेजात शिकवतो.

तुमच्या सरांना बहुधा तुमचे ४ लाख नकोच आहेत. कॉलेजांचं मूल्यांकन करणारी नॅक आणि क्रमवारी लावणारी एनआयआरएफ, दोघांना पेटंट किती, उद्योगांशी करार किती, त्यातून उत्पन्न किती, याचे रकाने भरावे लागतात. वरून 'या वर्षी एक टेक ट्रान्सफर दाखवा' असं आलं की पेटंट वगैरे बघणारा आयपीआर सेलवाला नेटवरून मसुदा उतरवतो. विभागप्रमुख आणि प्राचार्यांचं नाव घालणं ही आमच्याकडची रीत आहे. वाईट रीत. मीही दोनदा मान खाली घालून पाळली आहे.

पण एक लक्षात घ्या. त्या पोराचा तक्ता ही खरी किमतीची वस्तू आहे. उद्या चारऐवजी सहा ड्रमचा कुकर करायचा झाला, तर भोकं परत मोजावी लागतील. तेव्हा पेटंटचं लायसन्स न घेता तांत्रिक माहिती आणि सल्ल्याचा साधा करार करा. ठरावीक रक्कम, चाचणीची सगळी रीडिंग तुमच्याकडे, पुढची दोन वर्षं सरांचा सल्ला. कॉलेजच्या रकान्यात तोही बसतो आणि सरांनाही नियमाप्रमाणे वाटा मिळतो. विद्यापीठात 'नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य' असं लांबलचक नावाचं मंडळ असतं, २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने आलेलं. तिथे एक फेरी मारा. कधीकधी तिथला माणूस कॉलेजपेक्षा शहाणा निघतो.

वऱ्हाडी_ठोक

आमच्या अकोल्यात पंजाबराव कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल आहे, ते पाहून घ्या. विद्यापीठानं तयार केली अन् बनवायला इथल्याच वर्कशॉपवाल्यांना दिली, एकालाच नाही. गावोगावी बचतगटांकडे दिसते. नाव विद्यापीठाचं, वेल्डिंग आमचं. तुमच्या कॉलेजाला इचारा, तुम्हालाच एकट्याला देऊन राह्यले की उद्या शेजारच्या शेडलाही? मसुद्यात 'एक्सक्लुझिव' शब्द हाये का? नसन तर ४ लाख कायचे?

अन् अनुदानाच्या यादीत मशीन बसवाचं असन तर मान्यताप्राप्त केंद्राचा चाचणी अहवाल लागते. कॉलेजाची रीडिंग तिथं चालत नाही, पण तयारीले कामी येते.

सॅनहोजेची_मावशी

इथे कॅलिफोर्नियात विद्यापीठाच्या लायसन्सिंगच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून थोडं अवांतर. इकडे १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधाची मालकी विद्यापीठांना ठेवता यायला लागली. भारतात तसंच विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत आलं होतं, पुढे मागे घेतलं गेलं. त्यामुळे तिकडे प्रत्येक संस्था आपापल्या धोरणाने चालते. तेव्हा पहिली गोष्ट, कॉलेजचं छापील आयपी (बौद्धिक संपदा) धोरण मागा. उद्योगाबरोबर केलेल्या कामाची मालकी कुणाची, हे बहुतेक त्यात लिहिलेलं असतं आणि मसुदा करणाऱ्याने ते वाचलेलं नसतं.

तारखांवरून कोहेन-बॉयर पेटंट आठवलं. जनुकं जोडायच्या तंत्राचं. पेपर नोव्हेंबर १९७३ मध्ये छापून आला आणि स्टॅनफर्डने अर्ज केला नोव्हेंबर १९७४ मध्ये, पेपर छापल्यावर अर्जासाठी अमेरिकेत मिळणारी एक वर्षाची मुदत संपता संपता. अमेरिकेतलं पेटंट वाचलं, बाकीच्या देशांतलं गेलं. आणि तरी पुढे ४६८ कंपन्यांना लायसन्स देऊन सुमारे २५.५ कोटी डॉलर मिळवले. कारण लायसन्स एकालाच दिलं नाही आणि सुरुवातीचा दर कुठल्याही कंपनीला सोसेल असा ठेवला, १० हजार डॉलर.

रॉयल्टी द्यायचीच झाली तर कशावर, ते बघा. पूर्ण मशीनच्या किमतीवर का? भट्टी, ड्रम, गाडा तुमचाच आहे. त्यांची फक्त नळी आहे.

कृष्णाकाठचा_वेल्डर

मावशी, चार ड्रमच्या चार नळ्या मिळून ९ हजाराच्या आत बसतात. त्यावर ६ टक्के म्हणजे ५४० रुपये. एवढे मी हसत देईन.

वऱ्हाडी दादा, मसुदा परत वाचला. 'नॉन-एक्सक्लुझिव' लिहिलंय. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं काहीतरी चांगलं असेल.

काल दुपारच्या सुट्टीत मिस्त्रींना सगळं सांगितलं. फॉर्म ८ काय, शोधक म्हणजे काय. ते जेवत होते. म्हणाले, "नाव कशाला? नळी चालतीय न्हवं?" मग हात धुऊन आले आणि विचारलं, "त्या पोराचं हाय का नाव?" मी म्हटलं आहे. "मग माझं बी घाला. त्याला भोकं पाडायला मीच शिकिवलंय."

आता ठरवलंय ते असं. लायसन्सवर सही नाही. मास्तरांनी सांगितला तसा सल्ल्याचा करार मांडतो, एकरकमी सव्वा लाखापर्यंत जायची तयारी आहे. आयपी धोरण मागतो. मिस्त्रींचं नाव ही अट. विरोधाचं मी स्वतःहून काढणार नाही, पण विक्रीची तारीख सरांच्या कानावर घालतो. त्यांना कुणी विचारलंच नसेल बहुतेक. सोमवारी ११ वाजता बोलावलंय, बिल घेऊनच जातो.

फॉर्म_अठरा

मूळ बिल नेऊ नका, झेरॉक्स न्या. आणि तासगावच्या त्या व्हिडिओंपैकी एखादा कुणाच्या मोबाइलमध्ये तारखेसकट शिल्लक आहे का, ते आज संध्याकाळीच विचारून घ्या. फोन बदलला की सगळं जातं.

कृष्णाकाठचा_वेल्डर

विचारलं. शेतकऱ्याच्या पोरीने तेव्हाच फेसबुकवर टाकलेला आहे. वर लिहिलंय, 'आमच्या वस्तीवर नवीन मशीन'. ११३ लाइक, त्यातला एक सरांचा.