१९३२ साली ब्रिटिश सरकारनं वॉर लोनचं व्याज ५ वरून साडेतीन टक्क्यांवर आणलं. लोक गप्प कसे बसले?

शब्दवेडी

सध्या दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या इंग्रजी रहस्यकथांचा सपाटा लावलाय. त्यांत वॉर लोनच्या (पहिल्या महायुद्धासाठी सरकारनं लोकांकडून घेतलेल्या कर्जाच्या) व्याजावर जगणारी एखादी म्हातारी अधूनमधून भेटतेच. खून झालेल्या घरात वारसांचं भांडणही बरेचदा याच कागदांवरून. म्हणून जरा शोधलं, तर कळलं की १९३२ मध्ये सरकारनं या ५ टक्क्यांच्या कर्जाचं साडेतीन टक्क्यांचं कर्ज करून टाकलं आणि ९२ टक्के रकमेच्या धारकांनी ते मान्यही केलं.

आमच्या सोसायटीत एफडीचा दर पाव टक्का उतरला तरी ज्येष्ठ मंडळी बँक मॅनेजरला फाडून खातात. इथे तर दीड टक्का गेला! हे सभ्य भाषेत कर्ज बुडवणंच नाही का? आणि जेमतेम नऊ-दहा महिन्यांपूर्वी तिथलं सरकार पडलं होतं, पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सुटली होती. अशा सरकारकडे लोकांनी पैसे पुन्हा का ठेवले?

अर्थशास्त्र बारावीनंतर सुटलं, त्या बेतानं सांगा.

मु_पो_लंडन

थोडक्यात, देशभक्ती. १९३२ च्या उन्हाळ्यात पेपरांतून मोहीमच चालली होती. ज्यांनी युद्धात पैसे दिले त्यांनी आता देशाला हातभार लावावा, असा सूर होता. इंग्रज माणसाला अशा वेळी रांगेत उभं राहायला आवडतं.

निवृत्त_ट्रेझरीवाला

देशभक्ती होती, पण वरून भुरभुरवलेल्या कोथिंबिरीएवढी. सरकारी रोख्यांच्या टेबलावर आयुष्य गेलं, त्यामुळे हा प्रश्न दिसला की हात शिवशिवतात. लांबण लावली तर सांभाळून घ्या.

ताई, आधी बुडवण्याचं बघू. हे कर्ज १९१७ च्या सुरुवातीला काढलं, बोनर लॉ अर्थमंत्री असताना. त्याचं पूर्ण नाव ‘५ टक्के वॉर लोन १९२९-४७’. त्या दोन सालांत सगळं आलं. १९४७ ला फेडायचंच, पण १९२९ नंतर सरकारला वाटेल तेव्हा, आगाऊ नोटीस देऊन, शंभराला शंभर देऊन मोकळं होता येईल. आम्ही याला कॉल ऑप्शन म्हणतो. १९३२ मध्ये सरकारनं तोच हक्क बजावला आणि म्हटलं, १ डिसेंबरला तुमचे शंभर पौंड घेऊन जा, नाहीतर साडेतीन टक्क्यांच्या नव्या कागदावर राहा. मुद्दल मागणाऱ्याला मुद्दल मिळालं. त्यामुळे हे बुडवणं नव्हे.

बुडवणं बघायचं तर दोन वर्षं पुढे जा. अमेरिकेचं युद्धकर्ज होतं, त्याचे हप्ते ब्रिटननं १९३४ मध्ये सरळ थांबवले. तिथे कसली नोटीस आणि कसला बोनस!

आता रक्कम पाहा. १९१४ ला ब्रिटनचं सरकारी कर्ज सुमारे ६५ कोटी पौंड होतं, युद्ध संपेपर्यंत ते ७०० कोटींच्या वर गेलं. त्यातलं हे एकटं वॉर लोन २०८ कोटींचं, म्हणजे एकूण कर्जाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. विसाच्या दशकात सरकारी खर्चातले शंभरातले चाळीसेक पौंड नुसते कर्जापायी जात. शाळा, घरं, बेकारभत्ता, आरमार, सगळं उरलेल्या साठात. सरकारी खर्च छाटायला नेमलेल्या गेडिस समितीची १९२२ ची कुप्रसिद्ध कुऱ्हाड शिक्षणावर आणि सैन्यावर पडली, व्याजावर पडू शकली नाही.

मग १९२९ ला मुदत उघडल्याबरोबर का नाही हात घातला? माझ्या मते खरा प्रश्न हा आहे. उत्तर सोन्यात आहे. चर्चिलनी १९२५ मध्ये पौंड युद्धापूर्वीच्या भावाला, ४.८६ डॉलरला, पुन्हा सोन्याशी बांधला. तो भाव पेलणारा नव्हता. तो टिकवायला परदेशी पैसा लंडनमध्ये धरून ठेवायचा, म्हणजे व्याजदर चढा ठेवायचा. १९२९ च्या सप्टेंबरात बँक रेट, म्हणजे बँक ऑफ इंग्लंडचा मूळ व्याजदर, साडेसहा टक्के होता. बाजार इतकं व्याज देत असताना साडेतीनचा कागद कोण घेणार? पुढे १९३० मध्ये बँक रेट उतरला, तरी लांब मुदतीचा दर साडेचारच्या आसपास अडूनच राहिला.

२१ सप्टेंबर १९३१ ला सोनं सुटलं आणि हात मोकळे झाले. त्या घबराटीत बँक रेट ६ केला होता. आता पुढची उतरंड बघा : १९३२ च्या फेब्रुवारीत ५, मार्चात आधी ४ मग साडेतीन, एप्रिलमध्ये ३, मे महिन्यात अडीच, आणि ३० जूनला २. त्याच ३० जूनला, गुरुवारी रात्री, अर्थमंत्री नेव्हिल चेंबरलेननी संसदेत वॉर लोनची घोषणा केली. याला योगायोग म्हणणाऱ्याला मी तरी ट्रेझरीत बसवणार नाही. आधीचे अर्थमंत्री स्नोडेन यांनी तर सप्टेंबर १९३१ च्या तातडीच्या बजेटबरोबरच या अदलाबदलीचे कायदेशीर अधिकार घेऊन ठेवले होते. म्हणजे घरात आग लागलेली असताना पुढच्या वर्षीच्या रंगकामाची तजवीज!

योजनेची रचना माझी सर्वात आवडती. ३१ जुलैच्या आत होकार कळवणाऱ्याला शंभर पौंडांमागे एक पौंड रोख बोनस. पैसे परत हवे असतील तर ३० सप्टेंबरपर्यंत तसं लेखी कळवायचं. आणि काहीच न कळवणाऱ्याचं काय? त्याचा होकार धरला. मौनं सर्वार्थसाधनम्! तुमच्या कथेतली म्हातारी पत्र वाचून टेबलाच्या खणात ठेवते आणि विसरते, तिची नोंद होकारात.

शिवाय पैसे परत घेऊन ती ते टाकणार कुठे? दोन टक्के बँक रेट म्हणजे ठेवीवर चिमूटभर व्याज. बाजारात नवे रोखे आणायला ट्रेझरीनं त्या काळात अटकाव केला होता, म्हणजे दुसरं दुकानच उघडं नको. सोन्यापासून सुटलेल्या पौंडाचा भाव आधीच पडलेला, त्यामुळे परदेशात न्यायचे तर महागात. नाक दाबलं की तोंड उघडतं. साडेसोळा कोटींच्या आसपास रोख परत गेली, बाकी सगळं जागेवर राहिलं. वर्षाला तीन कोटी पौंडांचं व्याज वाचलं, अर्थात त्यावरचा बुडालेला प्राप्तिकर वजा करून थोडं कमी.

म्हातारीबद्दल मला फार कळवळा नाही, हे सांगून टाकतो. १९२० नंतर इंग्लंडात किमती सतत उतरत होत्या. म्हणजे तिचे पाच टक्के दरवर्षी जास्त माल विकत घेत होते, काही न करता. आणि १९३१ च्या ऑक्टोबरात बेकाराचा भत्ता आठवड्याला १७ शिलिंगांवरून १५ शिलिंग ३ पेन्सवर आणला, वर मीन्स टेस्ट (घरच्या उत्पन्नाची तपासणी) लावून घरातल्या मुलाची कमाईसुद्धा मोजली. त्याला कुणी बोनस दिला नाही की त्याचा होकार विचारला नाही. व्याज खाणाऱ्याची पाळी नऊ महिन्यांनी आली, तीही हात जोडून.

गिरणगावकर

काका, सगळं पटलं, पण बँक रेट असा घसरगुंडीवर बसवता आला त्यात आपल्या बायकांच्या अंगावरच्या सोन्याचाही वाटा आहे, तो राहिला. सप्टेंबर १९३१ मध्ये रुपया १ शिलिंग ६ पेन्सला पौंडाशीच बांधून ठेवला. पौंड पडला, त्याबरोबर रुपया पडला, सोन्याचा भाव चढला. १९२७ च्या कायद्यात तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै धरला होता, तो पुढे ३० च्या वर गेला. शेतमालाला भाव नाही, सारा आणि सावकार दारात. मग खेड्यातले दागिने सराफाकडे, तिथून मुंबईला आणि मुंबई बंदरातून लंडनला. पहिल्या दोन वर्षांतच शंभर कोटी रुपयांहून जास्त किमतीचं सोनं गेलं. मुंबईचे उद्योगपती पुरुषोत्तमदास ठाकुरदास १ शिलिंग ४ पेन्सच्या दरासाठी १९२६ पासून भांडत होते, ते वेगळंच.

निवृत्त_ट्रेझरीवाला

बरोबर, आणि ते राहायला नको होतं. ऑगस्ट १९३१ मध्ये पौंड वाचवायला न्यूयॉर्क-पॅरिसकडून १३ कोटी पौंडांची उसनवारी केली होती, ५ कोटी बँक ऑफ इंग्लंडनं आणि ८ कोटी सरकारनं. ती फेडायच्या दिवसांत हे सोनं लंडनला पोचत होतं. पौंडाला टेकू मिळाला, म्हणून दर उतरवायला धीर आला. सगळं श्रेय त्याला देणार नाही, जकातीची भिंत उभी राहिली, आयात घटली, हेही होतं. पण चेंबरलेनच्या त्या गुरुवारच्या भाषणामागे मुंबई बंदर होतं, हे खरंच.

तुमच्या गिरण्यांचाही एक धागा जोडतो. १९१७ लाच हिंदुस्थान सरकारनं ब्रिटनला युद्धखर्चासाठी १० कोटी पौंड ‘भेट’ दिले. त्या बोज्यासाठी कापडावरची आयात जकात साडेतीनवरून साडेसात टक्क्यांवर नेली आणि गिरण्यांवरचा अबकारी कर मात्र साडेतीनवरच ठेवला. इंग्लंडातलं कापडगिरण्यांचं लँकेशायर चवताळलं, मुंबईचे गिरणीमालक खूश. म्हणजे वॉर लोनच्याच वर्षी परळच्या धोट्याला पहिलं संरक्षण मिळालं.

शब्दवेडी

काका, कोथिंबिरीसकट पोचलं :) एकच शंका. नव्या कागदाचं नाव ‘साडेतीन टक्के वॉर लोन १९५२ किंवा त्यानंतर’ असं दिसतं. १९५२ ला का नाही फेडलं?

निवृत्त_ट्रेझरीवाला

कारण ‘किंवा त्यानंतर’ ठरवायचा हक्क पुन्हा सरकारचाच. नवं कर्ज साडेतीनपेक्षा स्वस्तात मिळेल तेव्हाच जुनं फेडण्यात अर्थ. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत दर चढत गेले. सत्तरच्या दशकातल्या महागाईत शंभर पौंडांच्या या कागदाला बाजारात पंचवीस पौंडसुद्धा येईनात. तोवर म्हातारीच्या पुतण्यांच्या हाती आलेला असणार. खरा दणका १९३२ चा नव्हे, तो हा. दर साडेतीनच्या खाली नीट बसले ते २०१४ च्या सुमारास. मग तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्ननी नोटीस काढली आणि ९ मार्च २०१५ ला उरलेले १९० कोटी पौंड देऊन खातं बंद केलं. तेव्हाही सव्वा लाखाच्या घरात धारक होते, बहुतेकांकडे किरकोळ रकमेचे कागद.