मापाची रिजिड माउंटन सायकल बांधून घेताना चिमट्याची लांबी किती धरावी?

पाषाणवाट

नमस्कार. गेली चार वर्षे मी पुण्यातील वेताळ टेकडीवर पुढे सस्पेन्शन असलेली ॲल्युमिनियमची माउंटन सायकल चालवत आहे. दोन पावसाळ्यांतच तिच्या सस्पेन्शनचे सील गेले आणि सुट्या भागांची वाट पाहण्यात तीन महिने सायकल घरी उभी राहिली. तेव्हाच मी ठरवले की पुढची सायकल पूर्णपणे रिजिड, म्हणजे सस्पेन्शन नसलेली असावी आणि ती माझ्या मापाची बांधून घ्यावी. माझी उंची १६३ से.मी. व वजन ६२ किलो असल्यामुळे तयार सायकलींतील सर्वांत लहान मापही मला बहुतेक वेळा पुढून उंच वाटते.

फ्रेम ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त पोलादी) नळ्यांची असेल. ती बांधणाऱ्या कारागिराने मला पंधरा दिवसांत आरेखन पक्के करून मागितले आहे. सध्याच्या आरेखनात चाके २९ इंची, पुढच्या नळीचा (जिच्यात हँडलचा दांडा फिरतो तिचा) कोन ६८ अंश आणि चिमट्याची (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कची) धुऱ्यापासून माथ्यापर्यंतची लांबी ४९० मि.मी. आहे. हा ४९० चा आकडा मी एका तयार सायकलीच्या तक्त्यावरून उचलला, हे प्रांजळपणे सांगतो. तो माझ्यासाठी योग्य आहे का? आणि हाती असलेल्या पैशांपैकी अधिक पैसे फ्रेमवर घालावेत की चाकांवर? वापर टेकडी आणि रविवारी खडकवासल्याच्या पलीकडच्या कच्च्या वाटा एवढाच आहे. उड्या मारण्याची हौस नाही.

जुना चिमटा

४९० हा आकडा कोठून येतो, ते आधी पाहू. २९ इंची चाकासाठी १०० मि.मी. प्रवासाच्या (म्हणजे जास्तीत जास्त तेवढे दबणाऱ्या) सस्पेन्शनची लांबी साधारण ५०५ ते ५१० मि.मी. असते आणि स्वार बसल्यावर ते सुमारे २० मि.मी. दबते. त्या दबलेल्या उंचीइतका रिजिड चिमटा बसवला की सायकलीची भूमिती बदलत नाही, म्हणून तयार फ्रेमबरोबर ४८० ते ४९० चे चिमटे विकले जातात. उद्या कोणी सस्पेन्शन परत बसवले तरी चालावे, यासाठी केलेली ही सोय आहे. आपण सस्पेन्शन कायमचे सोडत असाल, तर या सोयीची किंमत आपल्याला विनाकारण मोजावी लागेल, कारण चाक आणि चिमट्याचा माथा यांमध्ये राहणारी मोठी मोकळी जागा आपले हँडल तेवढेच वर उचलते. आपली मूळ तक्रार नेमकी हीच आहे.

फ्रेम मुळातच त्या लांबीसाठी आखली, तर ४५० मि.मी.च्या आसपासचा चिमटा आपल्याला पुरेल. पुढची नळी व कोन तेच ठेवले, तरी एवढ्याने हँडल सुमारे ३७ मि.मी. खाली येते. मात्र तयार आरेखनात नुसता चिमटा बदलू नये. लांबीतील दर २० मि.मी. फरकामागे कोन सुमारे एका अंशाने सरकतो आणि पॅडलही जमिनीच्या जवळ येतात. वेताळ टेकडीवरील खाणीच्या बाजूला जे काळे दगड वर आलेले आहेत, त्यांची पॅडलशी गाठ पडली की काय होते, हे आपल्याला सांगायला नको. म्हणून आधी चिमटा विकत घ्यावा, तो प्रत्यक्ष मोजावा आणि मगच फ्रेम आखावी. कारागीर चिमटाही बनवून देतो म्हणाला, तरी सायकलींच्या सुरक्षेच्या आयएसओ ४२१० या मानकानुसार चाचणी झालेला तयार चिमटा घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. फ्रेमची नळी तडकू लागली तर बहुधा आधी कुरकुर ऐकू येते. चिमटा मोडला तर आपण थेट तोंडावर पडतो.

चिमटा १५ मि.मी. थ्रू ॲक्सलचाच, म्हणजे बंद भोकांतून आरपार जाणाऱ्या धुऱ्याचाच असावा. डिस्क ब्रेकचा कॅलिपर (चकती पकडणारा भाग) चिमट्याच्या डाव्या पायाच्या मागे असतो आणि ब्रेक दाबताच तयार होणारे बल धुऱ्याला खाली, म्हणजे उघड्या खाचेतून बाहेर ढकलते. जुन्या क्विक रिलीजची (तरफेने आवळायच्या धुऱ्याची) पकड सैल असेल, तर हे बल चाक निसटवू शकते. याच ब्रेकमुळे डावा पाय भक्कम ठेवावा लागतो. त्यामुळे पोलादी चिमटा लवचिक असतो आणि धक्के खातो, ही जुन्या रिम ब्रेकच्या काळातील ख्याती डिस्कच्या चिमट्याला फारशी लागू पडत नाही.

मग धक्के कोण खाणार? टायर. म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय चाके हेच आहे. आतून ३० मि.मी. रुंद रिम आणि २.६ इंची ट्यूबलेस टायर घ्यावेत. आपल्या उंचीला मी २७.५ इंची चाके सुचवीन. त्यांची त्रिज्या १९ मि.मी.ने कमी असल्यामुळे पुढचा भाग आणखी खाली येतो आणि लहान फ्रेमवर वळताना बुटाचे टोक चाकाला लागण्याची शक्यता घटते. गिअरसाठी पुढे ३० दातांची एकच चकती व मागे ११ ते ५१ दातांची कॅसेट (चकत्यांचा संच) पुरे.

भोसरीची रात्रपाळी

मी लेथवर काम करणारा माणूस असल्यामुळे फक्त फ्रेमविषयी लिहितो. क्रोमोलीच्या चांगल्या नळ्या मध्यभागी जेमतेम ०.६ मि.मी. आणि टोकांना ०.९ मि.मी. जाडीच्या असतात. गेट-ग्रिल करणाऱ्या वेल्डरच्या हाताखाली त्यांना भोके पडतात किंवा उष्णतेने नळी वाकते. आपल्या कारागिराने याआधी केलेली एखादी फ्रेम पाहावी आणि पुढच्या नळीपासून मागच्या दोन्ही खाचांपर्यंत दोरा ताणून ती सरळ आहे का, हे स्वतः तपासावे. मागच्या चाकाजवळ टायरच्या दोन्ही बाजूंना किमान ८ मि.मी. मोकळी जागा मागून घ्यावी, नाहीतर जुलैमधली काळी माती तिथे थापली जाऊन चाक फिरायचेच थांबते.

पावडर कोटिंगला पाठवण्यापूर्वी बॉटम ब्रॅकेटचे (पॅडलचा धुरा ज्यात फिरतो त्या नळीचे) आटे बुच लावून झाकायला सांगावे. माझ्या फ्रेमच्या वेळी हे राहून गेले आणि आटे रंगाने भरून आले. त्यात उजव्या बाजूचे आटे उलटे असतात हे ऐन वेळी माझ्या ध्यानात राहिले नाही. रंगामुळेच बेअरिंगचा कप जड जात आहे असे समजून मी तो चुकीच्या दिशेने रेटत राहिलो आणि पहिले दोन आटे खाऊन टाकले. पंधरा वर्षे आटे पाडण्याचेच काम करणाऱ्या माणसाकडून ही चूक झाली, म्हणून कारखान्यात मी ती अजून कोणाला सांगितलेली नाही.

पहाटफेरी

वरील दोन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत, परंतु चिमट्याच्या लांबीबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. मी सहा वर्षे रिजिड चालवतो आणि माझे वय ५१ आहे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात रिपॅक नावाच्या उतारावरच्या शर्यती सुरू झाल्या, तेव्हा सगळ्याच सायकली रिजिड होत्या आणि रॉकशॉक्स कंपनीचे पहिले सस्पेन्शन १९८९ मध्ये आले, हे खरे आहे. पण त्या शर्यतींतील मंडळी तरुण होती. बोपदेव घाटाच्या परिसरातील दगडी उतार सलग वीस मिनिटे उतरल्यावर माझी करंगळी व अनामिका बधिर होतात. आपले मनगट आणखी पाच वर्षांनी काय म्हणेल, ते आज सांगता येत नाही. ४५० च्या चिमट्यासाठी आखलेल्या फ्रेमवर पुढे सस्पेन्शन बसवले, तर कोन दोन अंशांहून अधिक सैल होईल. म्हणून २७.५ च्या चाकासह ४७० धरावे आणि हँडल खाली आणण्यासाठी पुढची नळी आखूड ठेवावी.

हवेविषयी मात्र मतभेद नाही. आपल्या वजनाला २.६ च्या ट्यूबलेस टायरमध्ये पुढे १६ व मागे १९ पीएसआयपासून सुरुवात करावी आणि दर फेरीला एकेक पीएसआय कमी करत जावे. रिम दगडाला टेकल्याचा आवाज आला की एक पीएसआय परत वाढवावा. पायाच्या पंपावरील काटा या पट्ट्यात बिनभरवशाचा असतो, म्हणून कमी दाबाचा वेगळा गेज घ्यावा. बाभळीच्या काट्यांवर सीलंट (टायरमधील भोके बुजवणारे द्रव) उत्तम चालते, परंतु पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये ते लवकर सुकते, तेव्हा दर दोन महिन्यांनी तपासावे.

पाषाणवाट

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. २७.५ ची चाके आणि ३० मि.मी.च्या रिम निश्चित केल्या. आधी चिमटा घेऊन मग आरेखन करण्याची सूचना मला सर्वांत मोलाची वाटली. कारागिराला तसे कळवले आहे. ४५० की ४७० हे चिमटा हातात आल्यावर ठरवीन. एक शंका उरते: फेब्रुवारीनंतर टेकडीवरचा सुटा मुरूम ज्वारी सांडल्यासारखा पायाखालून सरकतो. त्यावर रिजिड सायकल अधिक घसरते का?

पहाटफेरी

घसरते ती सायकल नव्हे, ब्रेक दाबलेले चाक. सस्पेन्शन दगडावरून चाकाला जमिनीशी धरून ठेवते, ते काम येथे आपल्या कोपरांना व गुडघ्यांना करावे लागते. म्हणून उतारावर सीट खाली घ्यावी, कोपरे बाहेर वाकवावीत आणि हँडल आवळून धरू नये. वेग खडकाच्या अलीकडेच कमी करावा आणि खडकावर असताना ब्रेक सोडून द्यावा. रिजिडचा एक फायदा येथे कळतो: पुढचा ब्रेक दाबला तरी नाक खाली जात नाही, त्यामुळे उभ्या उतारावर कोन जसाच्या तसा राहतो.

वाट निवडायला मात्र डोळे दहा-बारा मीटर पुढे हवेत, आणि सकाळी साडेसहानंतर तेवढ्या अंतरात फिरायला आलेली माणसे असतातच. त्यांना वाट द्यावी, हवे तर उतरून चालावे. मी टेकडीवर सहाच्या आत चढतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओल टिकून असल्यामुळे मुरूम घट्ट बसलेला असतो, तेव्हा फ्रेम दिवाळीपूर्वी तयार व्हावी, एवढे कारागिराला आजच सांगून ठेवा.