ओपीटीवर फायका न भरणं: सवलत की हक्क?

खिडकीपाशी

गेल्या रविवारी एका ओळखीच्या घरी जेवायला गेले होते. अमेरिकेत वीस वर्षं काढलेले एक काका सगळ्यांदेखत म्हणाले, "तुम्ही ओपीटीवाली मुलं कर भरत नाही, आणि कंपन्यांना स्वस्तात पडता म्हणून तुम्हाला नोकऱ्या मिळतात." (ओपीटी म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आपल्या शिक्षणाशी संबंधित नोकरी करायची परवानगी.) भरल्या पानावर वाद नको म्हणून मी गप्प बसले. पण तेव्हापासून मनातून जात नाहीये, म्हणून इथे फोरमवर सविस्तर लिहिते.

माझा २०२४ चा डब्ल्यू-२, म्हणजे पगार आणि कापलेले कर दाखवणारा कंपनीचा वार्षिक फॉर्म, समोर ठेवला आहे. चौकट १ मध्ये ८०,००० डॉलर पगार. त्यावर केंद्र सरकारचा आयकर ९,४४१ डॉलर, राज्याचा कर वेगळा. हे "कर न भरणं" कसं काय? रिकाम्या आहेत त्या फक्त चौकट ४ आणि ६, म्हणजे सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शन योजनेचे ६.२ टक्के आणि मेडिकेअर या म्हातारपणच्या आरोग्यविम्याचे १.४५ टक्के. दोन्ही मिळून फायका, ७.६५ टक्के. माझ्या पगारावर वर्षाला ६,१२० डॉलर, महिन्याला ५१०.

ही पळवाट नाही. एफ-१ व्हिसावरचा विद्यार्थी करासाठी अनिवासी असेपर्यंत त्याला फायका लागू नाही, असं कायद्यातच लिहिलं आहे. पदवीनंतरची ओपीटी हीसुद्धा एफ-१ च असते, म्हणून सूट पुढे चालू राहते.

आणि ती रास्तही आहे. सोशल सिक्युरिटीचं पेन्शन मिळायला ४० क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे किमान दहा वर्षं काम. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची एरवी मर्यादा सहा वर्षं. तेवढी पूर्ण करून परत गेलेल्या माणसाच्या खात्यात २४ क्रेडिट आणि हातात काही नाही. भारताचा बऱ्याच देशांशी सामाजिक सुरक्षा करार आहे, त्यामुळे दोन्हीकडची वर्षं जोडून धरता येतात. अमेरिकेशी असा करार नाही. जे मिळणारच नाही त्याची वर्गणी पहिल्या नोकरीपासून का द्यायची? ही सूट काढून टाकायची विधेयकं तिथल्या संसदेत मांडली गेली आहेत. आपल्यातलेच लोक त्यांची बाजू घेतात, याचं मला फार वाईट वाटतं.

जुना खलाशी

असहमत. मी ते काका नाही, पण त्यांच्याच पिढीचा आहे. "कर भरत नाही" हे चूक आहे, ते तुम्ही छान दाखवलंत. पण दुसऱ्या वाक्याला तुम्ही हात लावला नाहीत.

फायका दोन्हीकडून जातो. ७.६५ टक्के नोकराचे आणि तेवढेच मालकाचे. ओपीटीवरच्या मुलामागे मालकाचेही ६,१२० वाचतात. माझी मुलगी इथेच जन्मली, इथेच शिकली. एकाच टीममध्ये, एकाच पगारावर तिच्याशेजारी ओपीटीवरचा मुलगा बसतो. कंपनीला ती दरवर्षी ६,१२० डॉलरनी महाग पडते. यात त्या मुलाचा दोष नाही, पण कायद्याचा आहे. हे तिला समजावताना मला शब्द सापडले नाहीत.

सूट आली ती १९६१ च्या कायद्याने. शिकायला येणारा परदेशी मुलगा जमल्यास चार तास काम करेल, मग घरी जाईल, हे तेव्हाचं चित्र. माझ्या वेळी ओपीटी बारा महिन्यांची होती. २००८ मध्ये विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना १७ महिने वाढवून मिळाले, २०१६ पासून २४. आता एकूण तीन वर्षं. तीन वर्षं पूर्णवेळ नोकरी करणारा माणूस विद्यार्थी कसा?

कागदपत्रांची पिशवी

मी दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये नव्या मुलांना फॉर्म भरायला मदत करते. मूळ वादात मी खिडकीपाशीच्या बाजूने आहे, पण त्याआधी एक सांगू द्या. हक्क आहे की सवलत, यावर आपण भांडतोय आणि निम्म्या मुलांना ती मिळते हेच माहीत नसतं.

माझ्याच पहिल्या कंपनीने माझ्या पगारातून आठ महिने फायका कापला. चौकट ४ आणि ६ भरलेल्या दिसल्या म्हणून पेरोलला लिहिलं. उत्तर आलं, "सिस्टीम सगळ्यांचा कापते." मी आयआरएसच्या (तिथल्या कर खात्याच्या) पब्लिकेशन ५१९ मधला परिच्छेद, कॉलेजने दिलेल्या आय-२० ची प्रत आणि देशात आल्याच्या तारखा जोडून पुन्हा पाठवलं. तीन वेळा. शेवटी पैसे आणि दुरुस्त केलेला डब्ल्यू-२ मिळाला. कंपनीने हात वर केले तर फॉर्म ८४३ सोबत फॉर्म ८३१६ जोडून थेट आयआरएसकडे मागता येतात. पण आधी मालकाकडे मागायचे हा क्रम आहे, आणि मुदत साधारण तीन वर्षांची.

दुसरी चूक याहून वाईट. बाजारातलं सगळ्यात गाजलेलं सॉफ्टवेअर उघडायचं आणि नागरिकांचा फॉर्म १०४० भरून मोकळं व्हायचं. अनिवासी माणसाने १०४०-एनआर भरायचा असतो, आणि टर्बोटॅक्समध्ये तो होत नाही. २०२० मध्ये सरकारने १,२०० डॉलरची मदत वाटली तेव्हा चुकून १०४० भरलेल्या कितीतरी मुलांच्या खात्यात ती येऊन पडली. सगळे खूश. मग कळलं की अनिवासींना ती नव्हतीच. ते पैसे परत करायची आणि आधीची विवरणपत्रं सुधारायची धावपळ मी जवळून पाहिली आहे. ग्रीन कार्डाच्या अर्जाच्या वेळी जुना फॉर्म पुढे येईल, ही धास्ती वेगळीच.

आणि खिडकीपाशी, तुमच्या ९,४४१ मध्ये एक गोष्ट राहिली. १९८९ च्या भारत-अमेरिका करारातल्या कलम २१ मुळे आपल्या विद्यार्थ्यांना अनिवासी असूनही स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजावट, मिळतं, २०२४ साठी १४,६०० डॉलर. नेपाळचा अमेरिकेशी कर-करारच नाही. तिथल्या मुलाला त्याच पगारावर, बाकी काही वजावट नसेल तर, १२,६५३ भरावे लागतात. ३,२१२ डॉलरचा फरक. सवलत म्हणायचीच तर हिला म्हणा.

पाच दिवस

हक्क, न्याय हे शब्द वाचून राहवलं नाही. माझी गोष्ट ऐका.

मला जानेवारी २०२० च्या सत्रात प्रवेश होता. विमानाचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून २७ डिसेंबर २०१९ ला उतरलो. विद्यार्थ्याला पाच कॅलेंडर वर्षं अनिवासी धरतात, आणि वर्षातला एक दिवस राहिलात तरी ते अख्खं वर्ष मोजलं जातं. माझी पाच वर्षं झाली २०१९ ते २०२३. माझा रूममेट २ जानेवारीला आला. त्याची २०२० ते २०२४. कॉलेज एक, वर्ग एक, ओपीटी एका आठवड्याच्या अंतराने, पगारही जवळपास सारखा.

२०२४ च्या जानेवारीपासून माझा फायका कापला जाऊ लागला, त्याचा नाही. डिसेंबरचे पाच दिवस मला सहा हजार डॉलरच्या वर पडले. विद्यापीठाच्या कागदांत, व्हिसाच्या मुलाखतीत, कुठेही कुणी हे सांगितलं नाही. ज्यांनी बी.एस.सुद्धा इथेच केलं, त्यांची पाच वर्षं बहुतेक तिथेच संपतात. एम.एस.नंतरच्या ओपीटीत त्यांना सूट मिळतच नाही, व्हिसा तोच असून.

म्हणून मला वाटतं, एक तर एफ-१ वरच्या सगळ्यांना द्या, नाहीतर कुणालाच नको. तारखेच्या नशिबावर चालणाऱ्या गोष्टीला हक्क म्हणणं मला जड जातं.

खिडकीपाशी

पाच दिवस, वाचून खरंच हळहळ वाटली. हे माहीत नव्हतं. पण नियम आंधळा आहे म्हणून तो सरळ काढून टाका, हे पटत नाही. महिने मोजा, पूर्ण साठ महिने द्या. दुरुस्ती तिथे हवी.

जुना खलाशी, मालकाच्या ६,१२० बद्दल तुमचं म्हणणं मान्य. ते मी टाळलं होतं. पण मग मालकाचा हिस्सा घ्या ना! माझा कशाला? आणि कंपनी आमच्यावर खर्च करते तोही धरा. एच-१बीचं सरकारी शुल्क, वकील, आणि व्हिसाच्या लॉटरीत नाव नाही आलं तर माणूसच जातो. ७.६५ टक्क्यांसाठी एवढी जोखीम घेणारी कंपनी मी तरी पाहिलेली नाही.

जुना खलाशी

फक्त मालकाचा हिस्सा घेणं. विचार करण्यासारखं आहे, प्रामाणिकपणे सांगतो.

पण "मिळणारच नाही" हे तुम्ही फार ठामपणे लिहिता. सोशल सिक्युरिटी म्हणजे नुसतं म्हातारपणचं पेन्शन नाही. अपंगत्वाचा विमा आहे, कमावता माणूस गेला तर मागच्यांना मिळणारी रक्कम आहे. वयाच्या २४ वर्षांच्या आत अपंगत्व आलं तर आधीच्या तीन वर्षांतली सहा क्रेडिटही पुरतात. ओपीटीवरचा मुलगा तीन वर्षं काम करतो आणि या हिशोबात तो कुठेच नसतो.

आणि आपल्यातले कितीजण परत जातात? मीही जाणार होतो. पेन्शन काढताना सर्वाधिक कमाईची ३५ वर्षं धरतात. मागच्या महिन्यात सोशल सिक्युरिटीच्या साइटवर माझं स्टेटमेंट उघडलं. २००४ समोर शून्य. त्या वर्षी मी रोज दहा तास काम केलं होतं, हिवाळ्यात बसला उभं राहून, आणि सरकारच्या वहीत मी नव्हतोच. ते शून्य मला बोचतं.

एक ऑक्टोबर

मध्येच विचारतो, माफ करा. माझं एच-१बी १ ऑक्टोबरपासून सुरू झालं. या वर्षी फायका किती भरायचा आणि फॉर्म कोणता? माझं हे चौथं वर्ष.

कागदपत्रांची पिशवी

फायका १ ऑक्टोबरपासून कापला जाईल, त्याआधीचा नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर ९२ दिवस भरतात, निवासी धरायला लागणारे १८३ होत नाहीत, त्यामुळे एरवी हे वर्ष अनिवासीच आणि १०४०-एनआरच. एफ-१ च्या दिवसांसाठी फॉर्म ८८४३ सोबत जोडा. १५ एप्रिलच्या आत. आणि ऑक्टोबरआधीच्या पगारपावत्या एकदा नजरेखालून घाला, काही पेरोलवाले व्हिसा बदलला की जानेवारीपासूनचा फायका कापून टाकतात.

खिडकीपाशी

जुना खलाशी, तुमच्या २००४ बद्दल दोन दिवस विचार करत होते. मला त्याचा अर्थ नीट कळला. अपंगत्वाच्या विम्याचा मी विचारच केला नव्हता, ते आता वाचते आहे.

माझ्याही स्टेटमेंटवर २०२४ समोर शून्य असेल. ते ५१० डॉलर मी दर महिन्याच्या पाच तारखेला घरी पाठवत होते. शिक्षणाचं कर्ज आईच्या नावावर होतं, घर गहाण होतं. डिसेंबरमध्ये शेवटचा हप्ता गेला आणि बँकेने घराची मूळ कागदपत्रं परत दिली. आईने त्यांचा फोटो पाठवला होता.